आबांचे दहा बॉक्सर

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभ्या जन्मात बॉक्सिंगची एकही लढत समोर बसून बघितली नव्हती. तरी गेल्या वर्षी रोज सकाळी तालमीच्या कट्ट्यावर ते आणि त्यांचे तीन जुने पैलवान मित्र जगातले आजवरचे दहा थोर बॉक्सर ठरवत होते. हे खूळ माझ्या मुलीनं लावलेलं. ती अठ्ठेचाळीस किलोत बॉक्सिंग खेळते. जुन्या लढती तीच त्यांना मोबाइलवर लावून द्यायची.

वजन बाजूला ठेवा, नुसतं कसब बघा, असं तिनं बजावलं होतं. पण ज्यांनी जन्मभर मानेची जाडी चाचपून कुस्तीची जोड ठरवली, ते कशाला ऐकतात? कान मोडलेला नाही तो पैलवानच नव्हे, म्हणून एका जगज्जेत्याला त्यांनी सरळ बाद केलं. शेवटी दहाच्या दहा धिप्पाड गडी निवडले. बारक्यांतला एक तरी घ्या म्हणून मुलगी भांडली, तर आबा म्हणाले, "बारक्यांच्या कुस्त्या लोकं येऊन बसस्तवर लावायच्या असत्यात."

ते तिला लागलं. मलाही लागलं. तीन वर्षांत आबा तिच्या एकाही लढतीला आले नव्हते. दर वेळी नेमका गुडघा दुखायचा. पोरीला पदकापेक्षा आबांनी आपल्याला एकदा बघावं याचीच आस होती. परक्यांच्या मारामाऱ्या बघायला बरा वेळ मिळतो, असं मी रागानं सुनावलं.

गडहिंग्लजच्या स्पर्धेला मात्र ते फेटा बांधून माझ्या आधी एसटीत चढले. पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसले. पोरीनं रिंगमधून त्यांना बघितलं आणि अशी लढली, की ओरडून माझा घसा बसला. शेजारी बघायचंही मला सुचलं नाही. ती जिंकली आणि ग्लोव्हज न काढताच धावत आली. "आबा, कशी लढले?"

आबांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. नाक, ओठ, भुवया चाचपून बघितल्या.

"मला काय ठावं, पोरी," ते म्हणाले. "घंटा वाजल्यापास्नं डोळं मिटूनच बसलोतो की. तुला कुणी मारल्यालं माझ्यानं बघवत न्हाय."