चिटगुप्प्याचे सुखतळे

खळ लावलेलं घोंगडं कापून बुटात घालू नये, हे मला कुणीच सांगितलं न्हाई. विणणारानं न्हाई, विकणारानं न्हाई, बूट वाजवत रजेवर येणाऱ्या पोरांनीबी न्हाई. नुकसान झाल्यावर मात्र सगळ्यांना तोंड फुटलं. "अव्वा, घोंगड्याला चिंचोक्याची खळ असती. घामानं भिजली की चिकट व्हती, थंडीत गोठली की फळी व्हती." हे माझ्या पाठीमागं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण आधी.

आता नमस्कार. मी ठाणाकुशनूरची. माझा नातू शिवराज काश्मीरकडं बर्फात पलटणीत हाय. पायाची बोटं बधिर व्हायलीत असं रजेवर आलेल्या पोरांकडनं कळलं तवा मी घरातल्या नव्या घोंगड्याचे सुखतळे कापून धाडले. बुटाच्या आत तळाला घालतात ते. त्यानं बोटं उलट काळी पडली, हेबी त्यांनीच सांगितलं. त्याच्याच पलटणीतला जनवाड्याचा माणिक रजा संपवून परत निघाला होता. त्याची गाडी सुटायच्या आत चांगले सुखतळे करून त्याच्या हाती द्यायचे, म्हणून मी चिटगुप्प्याला जाऊन आले. तुमचीबी पोरं तिकडं असतील तर वाट वाचून ठेवा.

कुशनूरहून पहाटे बैलगाडी निघाली. कडब्यावर आडवी झाले. धुकं इतकं होतं की बैलांची शिंगं तेवढी दिसायची, बैल न्हाईत. दोन्हीकडं करडई, हरभरा, कणसात आलेली जवारी, आन् सगळ्याला ओला वास. अशा गाडीत झोप लागत न्हाई आन् जागबी राहत न्हाई. मला बर्फ दिसायला लागला. मी बर्फ बघितलेला न्हाई. आमच्याकडची मेंढरं काळी, त्यामुळं माझ्या मनातला बर्फबी काळा, मऊ, कातरून टाकल्यासारखा, आन् त्यात शिवराज गुडघ्याएवढा बुडून चाललेला. हाक मारली तर गाडीवान म्हणाला, "काय म्हणायलीस, अव्वा?" मी म्हटलं, "तुला न्हाई."

मांजरेचं पाणी उतरलं होतं, गाडी नदीतनं पार झाली. जनवाड्यात माणिकच्या घरी भाकर आन् शेंगाची चटणी खाल्ली. माणिकचे पलटणीचे बूट दाराशी होते, मी हात घालून बघितले. आत दगडासारखं थंड.

"शिवराजची बोटं कशी हायत रे?"

"बरी हायत, अव्वा."

"बरी म्हंजे?"

"म्हंजे डाक्टर बघायलाय."

"डाक्टर बघायलाय म्हंजे बरी न्हाईत."

त्यानं चहाची बशी खाली ठेवली. मग एक कामाचं बोलला. "अव्वा, जाड करू नगो. बूट आवळला की रगत थांबतंय. आत बोटं हलली पायजेत. आन् दोन जोड कर. एक पायात ऱ्हातो, एक सदऱ्याच्या आत पोटाला लावून वाळतो."

"पोटाला?"

"दुसरं ऊन कुठंय तिकडं?"

परवा संध्याकाळी बिदरच्या टेशनावर भेटायचं ठरलं.

बिदरला रात्री पाव्हण्यांकडं राहिले आन् सकाळी मोटार धरली. खिडकीची जागा मागू नका, खिडकीला काच न्हाई. कंडक्टर निजामाचे हाली पैसे घेतो, हिंदुस्थानी कलदारबी घेतो, पण हालीचे सुटे देताना कपाळाला आठ्या घालतो. मन्नाखेळीपर्यंत तांबडी माती, मग काळी. अंगावर माझं घोंगडं होतं, खळीचं, कडक. पावसात त्याच्यासारखं दुसरं न्हाई. खळ फुगून भोकं बुजवती आन् पाणी आत येत न्हाई. तेच बुटात झालं की आतला घामबी भायेर जात न्हाई. हे मोटारीत बसून मला कळलं, धक्के खाता खाता.

चिटगुप्प्यात धनगराच्या आळीत बीरप्पाचं घर विचारा, कुणीबी दावतंय. अंगणातच माग. बायको मायव्वा चुलीवर चिंचोक्याची खळ शिजवत होती.

मी म्हटलं, "बीरप्पा, मला बिनखळीचं घोंगडं पायजे."

"न्हाई मिळायचं, अक्का. बिनखळीचं घोंगडं आमच्या उंबऱ्याभायेर जात न्हाई."

"कामून?"

"खळ न्हाई तर ते घोंगडंच न्हाई. नाव न ठेवलेलं लेकरू कुणी गावाला धाडतंय व्हय?"

"तुझ्या घोंगड्याच्या बारशाला थांबाय मला सवड न्हाई. माझ्या नातवाची बोटं जायलीत."

त्यानं ऐकलं, पण मागावरचा हात काय थांबला न्हाई. बापजाद्यांचा नेम होता, आन् तो मोडणारा दिसत नव्हता. मी तिथंच बसले. उन्हं कलली. परतीची मोटार माझ्या डोक्यात फिरायला लागली.

शेवटी मायव्वा पळी झाडत म्हणाली, "घोंगडं कामून मागायलीस, अक्का? लोकर माग की. विणलंच न्हाई तर खळ कशाला लागती?"

बीरप्पा म्हणाला, "लोकरीला नेम न्हाई."

मी त्याला म्हटलं, "मग इतका येळ तोंडात काय धरलंतास?"

"तू घोंगडं मागत हुतीस."

मायव्वानं जावळाची लोकर काढली. कोकराची पयली कातरण, हाताला कळतबी न्हाई इतकी हलकी. बीरप्पानं पिंजायला घेतली. धनुकलीची तात घुमायला लागली तशी लोकर उठली, अंगणभर काळी भुरभुर. माझ्या मांडीवर, खळीच्या भांड्याच्या काठावर, मायव्वाच्या केसांत. सगळं हळू झालं. मला वाटलं मी गाडीत झोपलेलीच हाय, आन् हा तोच बर्फ, फक्त उबदार. मूठभर लोकर मी गालाला लावली. गार नव्हती, ऊनबी नव्हती. थोडा येळ धरल्यावर माझीच ऊब मला परत द्यायला लागली.

"दाबून भरू नगो," मायव्वा म्हणाली. "दाबली की मेली. मधी वारं कोंडून ऱ्हायलं पायजे, तेच तापतंय."

रात्र त्यांच्याकडंच काढली. जुन्या धोतराचे दोन पदर, मधी लोकर, वरनं वाकळीसारखे टाके. आता माझा टाका कुशनुरात माहीत हाय, मुंगी शिरणार न्हाई असा. पण बारीक टाका घातला तर लोकर दबती. म्हणून बोटभर अंतरावर टाके घातले, नवशिक्या पोरीसारखे. माझ्या आईनं बघितलं असतं तर सुई काढून घेतली असती. दोन जोड झाले.

दुसऱ्या दिवशी मोटार मधीच बसली, बिदरला पोचले तवा गाडी टेशनात लागलेली. माणिक दारात उभा. मी म्हटलं, "बूट काढ." लोकं बघत होती, बघू दे. शिवराजचा आन् त्याचा पाय एका मापाचा. त्यानं सुखतळा घातला, पाय घातला.

"बोटं हलत्यात का?"

"थोडी."

"थोडी नगो."

तिथंच बाकड्यावर टाच उसवली, लोकर कमी केली, परत शिवलं. चारी सुखतळ्यांचं तसंच केलं. शेवटच्याला गाठ मारायला शिट्टी झाली, दोरा दातानंच तोडला.

"आता?"

"आता हलत्यात, अव्वा. मोप हलत्यात." डब्यात चढून त्यानं सुखतळे सदऱ्यात घातले, पोटाशी.

"शिवराजची पत्रं तूच लिवतूस ना? अक्षर तुझं हाय."

त्यानं मान डोलावली.

"कामून?"

"तो म्हणतोय, लिवाय बसलो की आज्जीला खरं लिवून जातंय."

गाडी हलली. मी सोबत चालले न्हाई, माझे गुडघे तसल्या कामाचे न्हाईत.

घरी येऊन आठवडा झाला. लुगड्यातनं अजून काळी लोकर निघती, झटकते तशी चुलीच्या उजेडात तरंगती आन् मी बघत बसते, दूध उतू जाईपर्यंत. जाणारांनी एवढं ध्यानात ठेवावं: जावळ मागा, घोंगडं मागू नका, आन् टाका सैल घाला. त्याचा उपयोग होतो का, ते मला अजून ठाऊक न्हाई. बोटं वाचली का गेली, हेबी न्हाई.

ह्या लिहिण्याची एक नक्कल उत्तरेला जायलीय. शिवराज, किती बोटं हायत ते कळव. माणिकनं उत्तर लिवायचं न्हाई, डाक्टरनं न्हाई, साहेबानं न्हाई. थंडी पायाला लागलीय, हाताला न्हाई. तू लिव.