डाव्या हाताचा क्लच

कारखान्यातल्या माझ्या जोडीदाराच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं, तेव्हा आमच्या स्कूटरचं इंजिन माझ्या पडवीत उघडून ठेवलेलं होतं. पिस्टनच्या रिंगा बदलायच्या होत्या. बोईसरच्या बाजारातून त्या घेऊन तो संध्याकाळी येणार होता. तो आला नाही, त्याच्या बायकोचा फोन आला. पाय सुजले म्हणून दाखवायला गेले आणि डॉक्टरांनी तिथेच ठेवून घेतलं, असं वहिनींनी सांगितलं. आवाजात रडू नव्हतं. काय झालंय ते त्यांनाही तेव्हा नीट कळलं नसावं.

आम्ही दोघं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एकाच कारखान्यात मेंटेनन्सला होतो. मी उमरोळीचा, तो एडवणचा. त्याच्या घरची बोट होती. थोरला भाऊ ती चालवायचा, त्याची आई आणि बायको मिळून मासळी सुकवायच्या, विकायच्या. यालाच तेवढी बोट लागायची. किनारा दिसेनासा झाला की पोटात ढवळायचं. मासेमाराच्या घरात ही गोष्ट हसण्यावारी जायची, पण त्याला ती लागून राहिली होती. कारखान्यात आलो तो त्या लाजेपायी, असं त्यानं मला एकदा सांगितलं होतं.

स्कूटर आम्हाला माकुणसारला मिळाली, एका निवृत्त मास्तरांच्या गोठ्यात. जुन्या वळणाची, पत्र्याच्या अंगाची, क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत असलेली. खाऱ्या हवेनं खालचा पत्रा खाल्ला होता. मास्तर म्हणाले, न्यायची तर न्या, पण आमच्या दारात परत आणू नका. आम्ही ती टेम्पोत घालून उमरोळीला आणली. पुढची कित्येक वर्षं आमच्या सुट्या तिनंच खाल्ल्या. माझी बायको म्हणायची, घरात दोन माणसं जेवायला जास्त असतात, त्यातलं एक पेट्रोल पितं.

दरवर्षी थंडी सरता सरता जुन्या स्कूटरवाल्यांची एक दौड पालघरहून निघते. सूर्य उगवताना निघायचं, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, नाशिक करत वणी गाठायची आणि सूर्य बुडायच्या आत त्याच रस्त्यानं परत यायचं. पहिला, दुसरा असं काही नसतं. पोहोचलात तर पोहोचलात. आम्ही एकदाही पोहोचलो नव्हतो. एका वर्षी क्लचची वायर तुटली, एका वर्षी जव्हारच्या घाटात इंजिन जाम झालं, एकदा तर मनोरच्या पुढेच दिवा, भोंगा, सगळंच बंद पडलं. प्रत्येक वेळी टेम्पोच्या मागच्या फळीवर स्कूटर धरून बसलो असताना तो म्हणायचा की पुढच्या वर्षी आपण वणीला जेवू. मला ते खरं वाटायचं.

आता त्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. पालघरच्या केंद्रात मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्यासाठी डाव्या हातात मनगटाच्या वर दोन रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केला होता. तिथे सुया घालायच्या. त्या जागेवर बोटं टेकवली की आत सारखी थरथर लागायची. पहिल्यांदा मी हात लावला तेव्हा दचकलोच. तो हसला आणि म्हणाला, "इंजिन चालू हाय."

त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, घट्ट काही बांधायचं नाही, असं त्याला बजावलं होतं. पाणी दिवसाला बाटलीभरही नाही. मीठ जवळजवळ बंद. अंगणात बोंबील सुकतायत, जवळा पसरलाय, सगळ्या घराला खारा वास, आणि हा भात आणि अळणी भाजी खातोय. वहिनी त्याच्यासमोर जेवायच्या नाहीत. स्वयंपाकघरात पाठ करून उभ्यानंच चार घास खायच्या.

कारखान्यातली नोकरी गेली. बोलता बोलता गेली. आधी हलकं काम दिलं, मग घरी बसायला सांगितलं.

दौडीची गोष्ट त्यानंच काढली. शनिवारी डायलिसिस झालं की रविवारी अंग हलकं असतं, आणि दौड रविवारीच असते. मंगळवारपर्यंत मशीन लागत नाही. हे सगळं त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. केंद्रातल्या तंत्रज्ञाला विचारलं, तर तो म्हणाला की चालवायचीच असेल तर बिनगिअरची चालवा, डाव्या हाताला त्रास नको. बिनगिअरची स्कूटर म्हणजे खुर्ची, असं जोडीदार मला नंतर म्हणाला.

मी नाही म्हणायला एडवणला गेलो होतो. वहिनी ओट्यावर सुकटीची टोपली निवडत बसल्या होत्या. मी विषय काढला. त्या निवडतच राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "न्या त्यांना, भाऊजी. आमी रोज बघताव. इतं बसून ते नुसते भिंतीकडं बघतात."

मग मी कामाला लागलो. इंजिनाचं काम मला येत होतं, त्यात नवं काही नव्हतं. रिंगा घातल्या, सायलेन्सरमधला कार्बन जाळून काढला, प्लग, कॉइल, ब्रेकचे लायनर सगळं नवं. अडत होतं ते क्लचपाशी. जुन्या स्कूटरचा क्लच दाबायला मनगटात जोर लागतो, आणि नेमकं तेच मनगट जपायचं होतं. मी आतल्या स्प्रिंगा नरम टाकल्या. दोन बोटांनी दाबला जाईल असा क्लच झाला. त्याला मागं बसवून वाघोबा खिंडीत नेली, तर चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी पुढं सरकायची नाही. दोन माणसांचं ओझं त्या स्प्रिंगा धरत नव्हत्या. पुन्हा जुन्या कडक स्प्रिंगा घातल्या, आणि मग क्लचची दांडीच लांब करून घेतली. आमच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरनं जेवणाच्या सुट्टीत करून दिली. नव्या वायरला आतून तेल दिलं, हँडलपासून खालपर्यंत तिची वाट सरळ केली. नरम स्प्रिंगांइतका नाही, पण झाला नरम.

तो माझ्या पडवीत येऊन क्लच दाबून पाहायचा. दर खेपेला आधी उजव्या हाताची बोटं फिस्टुल्यावर टेकवून बघायचा आणि मग दाबायचा. दाबून झाल्यावर परत बघायचा. त्या दिवसांत तो बरा दिसत होता. मला वाटायला लागलं होतं की असंच चालत राहील.

त्या रविवारी पालघरहून निघालो तेव्हा हवेत गारवा होता. पुढं तो, मागं मी. माझ्या पाठीवरच्या पिशवीत वायरी, प्लग, पाने, आणि वहिनींनी दिलेला थर्मास. थर्मासात बर्फाचे खडे होते. तहान लागली की एक खडा तोंडात धरायचा, पाणी प्यायचं नाही. मनोरला हायवे ओलांडला, विक्रमगड मागं टाकलं. इंजिन एका सुरात चालत होतं. इतक्या वर्षांत ते तसं कधीच चाललं नव्हतं. मी कान लावून एखादा खडखडाट शोधत होतो, तो मिळत नव्हता.

जव्हारचा घाट मी चालवला. वर दौडीच्या चौकीवर नोंद केली, चहा मी एकट्यानंच घेतला. तो टपरीच्या बाकावर बसून बर्फ चोखत होता. पुढं मोखाड्याकडं रस्त्याकडेच्या पाड्यांवर घरांना कड्या लागलेल्या होत्या. माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली. कुठंतरी एखादी म्हातारी दारात बसलेली, बाकी कोंबड्यासुद्धा नाहीत. मोखाड्याच्या पुढं त्यानं हँडल मागून घेतलं. आता ऊन चढलं होतं. वळणावळणाचा रस्ता, सारखा गिअर दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा. त्याचं डावं मनगट वर-खाली फिरत होतं, आणि मी मागून रस्त्याऐवजी त्या मनगटाकडंच बघत होतो. तो मात्र खुशीत होता. एकदा मान वळवून म्हणाला की हिला अजून एक गिअर पाहिजे होता.

त्र्यंबक जवळ आलं तशी गाडी हळू झाली. मला वाटलं, इंजिन गेलं. इंजिन ठीक होतं. त्यानं कडेला घेतली आणि पाय खाली टेकवले, पण त्याला उतरता येईना. पोटऱ्यांत गोळे आले होते. मी त्याला धरून एका झाडाखाली बसवलं. चेहरा पांढराफटक, ओठांना खपल्या. थर्मास उघडला तर त्यात बर्फ नव्हता, नुसतं पाणी होतं. त्यानं थर्मास माझ्या हातातून घेतला आणि तोंडाला लावून सगळा संपवला. मी अडवलं नाही. इतक्या महिन्यांत त्याला असं घटाघटा पाणी पिताना मी पाहिलं नव्हतं. प्यायल्यावर तो काही वेळ डोळे मिटून बसला.

दौडीतल्या दोन स्कूटर आमच्याजवळ थांबल्या, काही हवंय का विचारलं. मी हातानंच नको म्हटलं. त्या गेल्यावर तो म्हणाला, "फिरूया मागं. वणी नाय होनार आपल्याच्यानं."

मी विचारलं की टेम्पो बघू का. तो नको म्हणाला. गाडी चालू आहे तर टेम्पो कशाला. रुग्णालय जवळ असेल, तिथं दाखवू, असंही मी म्हटलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. त्याला घरी जायचं होतं.

परतीचा सगळा रस्ता मी चालवला. त्याचं डोकं माझ्या पाठीला टेकलेलं. मी गमछ्यानं त्याला माझ्या कमरेशी बांधून घेतलं होतं, डावा हात मोकळा ठेवून. थोड्या थोड्या वेळानं मी हाक मारायचो आणि तो हं म्हणायचा. स्कूटरनं त्या दिवशी एकदाही कुरकूर केली नाही. घाट उतरताना मला तिचा राग आला. काहीतरी तुटावं, जाम व्हावं, म्हणजे दरवर्षीसारखं तिच्यामुळे राहिलं असं म्हणता येईल.

पालघरला पोहोचलो तेव्हा दुपार पुरती कललीही नव्हती. मांडवात आयोजकांपैकी एक वयस्कर गृहस्थ एकटेच खुर्च्या लावत होते. आम्हाला बघून ते टाळ्या वाजवू लागले. इतक्या लवकर कोणी येणं शक्य नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचे हात थांबले. मग त्यांनीच रिक्षा आणून दिली.

एडवणला त्याला खाटेवर निजवलं. त्यानं सवयीनं उजवा हात डाव्या मनगटावर नेला. बोटं हलवून जागा बदलली, परत टेकवली. मग मला जवळ बोलावून म्हणाला, "बघ रे, चालू हाय का?"

मी हात ठेवला. थरथर लागली. पण दिवसभर हँडल धरून माझ्या तळव्यांत मुंग्या आलेल्या होत्या, हात कशावरही ठेवला तरी तो थरथरतच होता. मी खाटेच्या लाकडाला हात लावून पाहिला. तिथंही तेच. मला कळत नाही, असं मी म्हणालो. वहिनी पुढं आल्या. त्यांनी वाकून त्याच्या मनगटाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग सरळ झाल्या आणि त्याच्या थोरल्या भावाला गाडी बघायला सांगितली.

तसंच त्याला हलवलं. आधी पालघर, तिथून दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात. आत रक्ताची गुठळी झाली होती. ती काढायचा प्रयत्न झाला, पण वाट पुन्हा उघडली नाही. मी डॉक्टरांना स्कूटरचं सांगितलं. ते म्हणाले, घरात झोपलेल्या माणसाचाही फिस्टुला असा बंद पडतो, कशानं ते सांगता यायचं नाही. उजव्या हाताच्या शिरा बारीक निघाल्या. मग मानेतून नळी घातली. ती अजून आहे.

वहिनींनी आपली किडनी द्यायची तयारी केली होती. तपासणीत त्यांना साखर निघाली. भावानं नाही म्हटलं, आणि त्याला कोणी बोललं नाही, कारण बोट तोच चालवतो. किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवलेलं आहे. फोन येत नाही.

आता त्याच्या डाव्या हाताला कसलीच बंदी नाही. हे माझ्या लक्षात आलं, त्याच्याही आलं असणार. एकदा मी स्कूटर घेऊन गेलो तेव्हा तो काठी टेकत अंगणात आला, उभ्यानंच क्लच एकदा दाबला, सोडला, आणि सुकत घातलेल्या मासळीच्या कडेनं हळूहळू परत आत गेला. 

पुढच्या दौडीच्या वेळी आयोजकांचा फोन आला. मी नाही येत म्हणालो. त्यांनी कारण विचारलं नाही.

मी सुट्टीच्या दिवशी एडवणला जातो. सुरुवातीला स्कूटरनंच जायचो. पण वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वळणावर स्कूटरचा आवाज आला की ते उठून बसतात, आणि तुमी गेल्यावर दोन दिवस कोनाशी बोलत नाय." तेव्हापासून मी एसटीनं जातो. फाट्यावर उतरून चालत जातो.

मागच्या वेळी तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. माझी पावलं ऐकून वळला.

"कशानं आलास?"

"एसटीनं."

"बरं केलंस," तो म्हणाला. मग आम्ही वाऱ्याबद्दल बोललो. भावाची बोट दोन दिवस किनाऱ्यालाच होती.