थोरलीची हाव

माझी बायको लातूरच्या एका जनावरांच्या डॉक्टराच्या नादी लागली, ही बातमी नांदेडात सगळ्यांना कळली, कारण ती मीच पसरवली.

नादी म्हणजे पुस्तकांच्या नादी. गैरसमज नको. पण खरं सांगू? दुसरा नाद परवडला असता. त्यात निदान लोक नवऱ्याच्या बाजूनं उभे राहतात. इथं ज्याला सांगावं तो म्हणे, "वा, वहिनी अजून वाचतात! नशीबवान आहात, सर." हे ऐकून माझ्या अंगाचा असा जाळ व्हायचा की त्यावर मुदखेड जंक्शनातल्या अख्ख्या गाडीचा चहा उकळला असता.

मी नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. आवाज मोठा आहे. वर्गात मी 'शोकांतिका' म्हणालो की शेजारच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या तडकतात आणि विष्णुपुरीच्या धरणावरचे बगळे उडतात, असं विद्यार्थी सांगतात. म्हणजे मी सांगतो, ते नाही म्हणत नाहीत. जुनं, अभिजात वाङ्मय हा माझा प्रांत. त्यातही एक जाडजूड कादंबरी माझी खास. आजोबांच्या पिढीतली. अभ्यासक्रम बदलले, कुलगुरू बदलले, ती हलली नाही. तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, "वाचलीय," आणि मग माझं कोण ऐकणार?

गोष्ट साधी आहे. एक म्हातारा सासरा, दोन मुलगे, दोन सुना आणि मळ्यातली एक विहीर. वाटण्या व्हायच्या आहेत. धाकटी सून गोडबोली, थोरली अबोल. शेवटाकडे खाटेला खिळलेला म्हातारा थोरलीला जवळ बोलावतो आणि विचारतो, "काय गं, विहिरीत जीव अडकला तुझा?" थोरली मान खाली घालते आणि एकच शब्द बोलते, "हाव." प्रकरण संपतं.

या दोन अक्षरांवर मी माझी सगळी प्राध्यापकी उभी केली होती. आशयसूत्र काय, तर लोभ. थोरली कोण, तर लोभानं आतून पोखरलेली, पण स्वतःला लख्ख ओळखणारी बाई. जीव कशात अडकला, असं विचारल्यावर ती स्वतःच्या दुर्गुणाचंच नाव घेते! एका शब्दात आत्मपरीक्षण! मोठ्या शहरांतल्या मोठ्या समीक्षकांनी हेच लिहून ठेवलं होतं. मी त्यात फक्त आवाज घातला. माझं ते व्याख्यान ऐकून एकदा एका सावकाराच्या मुलानं वर्गातच रडून वडिलांचा धंदा सोडला. निदान तास तरी सोडला.

आणि या व्याख्यानाची पहिली श्रोती कायम माझी बायको. ती बँकेत होती, आता निवृत्त. संध्याकाळचा चहा झाला की मी बोलायचो, ती भाजी निवडत ऐकायची. विद्यार्थी काय, हजेरीपुरते. जिंदगीत खरा श्रोता मला एकच मिळाला, आणि तो मी लग्न करून मिळवला होता.

मग लातूरच्या मेव्हणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बायको तिच्या मदतीला गेली आणि मेव्हणीच्या नवऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानावर, वरच्या खोलीत भरणाऱ्या वाचक कट्ट्यात जाऊन बसली. तो कट्टा चालवायचे हे जनावरांचे डॉक्टर. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात म्हशींच्या पोटात हात घालून आता वाङ्मयात घालून राहिले होते. डॉक्टर मीही आहे. माझ्या डॉक्टरकीनं आजवर एकही जीव वाचलेला नाही, हे मान्य. पण कादंबरीच्या बाबतीत तरी माझीच पदवी चालायला पाहिजे का नको?

बायको परतली ती वेगळीच होऊन.

"डॉक्टरसाहेब म्हणतात," ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "पात्राला आधी नुसतं न्याहाळावं. उभं कसं राहतं, कान कुठं वळवतं, कुणी जवळ आलं की अंग चोरतं का. रोगाचं निदान मागून."

"ते म्हशीबद्दल सांगत असतील."

"न्हाई हो. थोरलीबद्दल."

माझी थोरली! मी तिला एवढी वर्षं शिकवून मोठी केली, आणि लातुरात कुणी परका माणूस तिचे कान तपासून राहिला होता.

मेव्हणीचा गुडघा बरा झाला. ती जिने चढू लागली, बाजार करू लागली, तरी बायकोच्या लातूरच्या फेऱ्या थांबेनात. एक शनिवार सोडून एक.

"पुन्हा लातूर?" मी विचारलं.

"हाव."

"अगं, त्या कादंबरीचं काय विचारायचं ते मला विचार की. घरात विहीर असताना टँकर कशाला?"

"तुम्हाला विचारायची गरजच पडत न्हाई," ती म्हणाली आणि पिशवीत डबा ठेवून निघाली. हे कौतुक का टोमणा, यावर मी सबंध शनिवार काढला.

शेवटी मेव्हणीला फोन लावला. इकडचं तिकडचं बोललो, गुडघ्याची चौकशी केली, मग हळूच म्हणालो, "ते तुमचे डॉक्टरसाहेब बोलतात कसे?"

"दाजी, लई भारी माणूस. बोलतच न्हाईत."

"बोलत नाहीत? मग कट्ट्यावर करतात काय?"

"ऐकतात."

काय लबाड माणूस! मी हादरलो. ही युक्ती माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. त्याच संध्याकाळी मी प्रयोग केला. चहा संपेपर्यंत एक अक्षर बोललो नाही. बायकोनं मुकाट्यानं बीपीचं मशीन आणलं आणि माझ्या दंडाला पट्टा बांधला.

अशात तिनंच एक दिवस सांगितलं, "पुढच्या शनिवारी तुम्ही चला. थोरलीवर बोलायला बोलावलंय तुम्हाला. डॉक्टरसाहेबांनी खास निरोप दिलाय."

शिकार स्वतःहून पिंजऱ्याची कडी वाजवत आली होती. मी दाढी केली, इस्त्रीचा झब्बा घातला. बसमध्ये लोह्यापासून अहमदपूरपर्यंत मनातल्या मनात व्याख्यान दिलं. मनातल्या मनात म्हणजे माझ्या मनातल्या. कंडक्टर दोनदा म्हणाला, "काका, जरा हळू."

वरच्या खोलीला पीव्हीसी पाईपचा आणि रंगाचा वास होता. सतरंजीवर माणसं बसली होती. किराणा दुकानदार, दोन शिक्षिका, एक वकील, क्लासेसवाल्या पोरांना डबे देणाऱ्या बाई, आणि माझी बायको. माझ्या बाजूला नाही, श्रोत्यांत. खरं तर ती तिथंच बसायला हवी होती, पण ती त्यांच्यातली होऊन बसली होती. डॉक्टरसाहेब उंच, वाळके, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी हात जोडले आणि माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं, आता हे माझी जीभ बाहेर काढून बघणार.

मी सुरुवात केली. काय बोललो! खालच्या दुकानातले खिळे डब्यात नाचू लागले. थोरलीची मान, थोरलीचा पदर, थोरलीचं मौन. लोभ माणसाला कसा विहिरीसारखा खोल करत जातो. मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडे न बघता नखं बघत होती. मला वाटलं, भारावली.

"आणि मग," मी आवाज खाली आणला, हा माझा ठेवणीतला डाव, "म्हातारा विचारतो, जीव कशात अडकला? ती लपवत नाही. स्वतःच्या पापाचं नाव घेते. हाव! अख्खी कादंबरी या एका शब्दात आहे. पटतंय का?"

आणि सतरंजीवरची सगळी माणसं एका सुरात म्हणाली, "हाव!"

मी समाधानानं मान डोलावली.

मग डबेवाल्या बाई फिसकन हसल्या. मग वकील. मग किराणा दुकानदार मांडीवर थाप मारून हसू लागला, आणि मला कळलं.

हाव. म्हणजे हो. आम्ही मराठवाड्याची माणसं जन्मल्यापासून 'हो'ला हाव म्हणतो. माझी आई म्हणायची, बायको रोज म्हणते, रागात असलो की मीही म्हणतो. पण तोच शब्द पुस्तकात छापून आला की आमच्या डोक्यात येतच नाही की हा आपला शब्द असेल. छापलंय म्हणजे शुद्धच असणार, आणि शुद्ध म्हणजे आपलं नाही. पुस्तकात हाव म्हणजे लोभच. वर या लेखकाचं बालपण गोदाकाठी गेलं, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून देत होतो!

म्हाताऱ्यानं 'कशात' असं विचारलंच नव्हतं, तो शब्द आम्हीच घातलेला. तो विचारतो, विहिरीत जीव अडकला का? थोरली म्हणते, हो. बस. लोभ नाही, पाप नाही, आत्मपरीक्षण नाही. अख्ख्या घरात सगळे आडून बोलतात, आणि ही एकटीच सरळ विचारलं की सरळ सांगते.

तुम्ही असता तर खाली बसला असता. मी दोन्ही हात वर केले आणि गरजलो, "शाब्बास! हेच तुमच्या तोंडून काढायचं होतं मला! बघा, थोरलीनं काय म्हटलं ते तुम्हीच सांगितलंत!"

टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या. लातूरकर दिलदार आहेत, किंवा त्यांना चहाची घाई होती. फक्त बायकोनं टाळी वाजवली नाही.

चहाच्या वेळी डॉक्टरसाहेब जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "सर, छान सांभाळलंत. पण हा शोध आमचा न्हाई बरं. ताईंचा आहे. मागच्या बैठकीत त्यांनी सांगितला. आम्हाला वाटलं, घरी तुम्हाला आधीच सांगितला असेल."

लोभाचा सिद्धांत कोसळला, त्याचं मला काही वाटलं नाही. दुसरा बांधता येतो. पण ती हे सगळं मला न सांगता आधी तिकडं सांगून आली होती, आणि ते मला त्या मिशीवाल्याच्या तोंडून कळत होतं. वर 'ताई' म्हणून राहिला होता. मी कढत चहा एका घोटात संपवला.

परतीच्या बसमध्ये चाकूर येईपर्यंत मी बोललो नाही. मशीन घरी होतं म्हणून बरं.

"मला का नाही सांगितलं?" शेवटी मी विचारलं.

"सांगायला लागले होते की. 'थोरली' म्हणाले आणि तुमचा तास सुरू झाला."

"मग मधेच थांबवायचं."

"तुम्हाला? तुम्हाला गोदावरीचा पूरसुद्धा थांबवत न्हाई." तिनं पिशवीतून पेरू काढला, पुसला, अर्धा माझ्या हातात दिला. "आणि मी त्यांना सांगायला गेलेच नव्हते. त्यांनी इचारलं, तुम्हाला काय वाटतं? मला असं कुणी इचारलंच नव्हतं. मग आलं तोंडात."

मी पेरू खाल्ला. बिया दातांत अडकल्या. या बाईला पुस्तकातलं काय वाटतं, हे विचारायला एक जनावरांचा डॉक्टर लागला, ही गोष्ट गिळायला बियांपेक्षा अवघड होती. मी खिडकीबाहेर बघितलं, घसा साफ केला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच पुस्तकावरचा एक प्रश्न विचारून, उत्तर स्वतः न देता गप्प बसलो.

"जीव विहिरीतच का अडकला असेल तिचा?"

तिनं बराच वेळ घेतला. दोन स्टॉप गेले. तोंडात उत्तरांची झुंबड उडाली होती, मी पेरूच्या सालीनं दाबून धरली.

"सकाळी पाण्याला गेली की तेवढाच वेळ तिला कुणी हाक मारत नसेल," ती म्हणाली. "पण मला थोरलीपेक्षा म्हाताऱ्याचं नवल वाटतंय. सगळे म्हणतात, तो सुनेची परीक्षा घेतो. न्हाई. तो जळतोय."

"कुणावर?"

"विहिरीवर. एवढं मोठं घर, एवढी माणसं, आणि या बाईचा जीव कुणातच अडकला न्हाई. अडकला तर विहिरीत. म्हणून इचारतो तो. त्याला ते तिच्या तोंडून ऐकायचं असतं, आणि ऐकवतही न्हाई."

मी म्हाताऱ्याला आजवर त्यागमूर्ती म्हणून शिकवत आलो होतो. त्यागमूर्तीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर बदलत गेला, आणि तो मला फारच ओळखीचा वाटू लागला.

"हे तिकडं सांगितलंस?" मी विचारलं. आवाज मी शक्य तेवढा सहज ठेवला होता.

"न्हाई. आत्ताच सुचलं."

"आत्ता? कसं?"

"तुमच्याकडं बघून," ती म्हणाली आणि पेरूचा उरलेला तुकडा तोंडात टाकला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. हा विचार जन्माला आला तेव्हा मी बाजूच्या सीटवर होतो, डॉक्टरसाहेब लातुरात होते. एवढं मला पुरलं.

तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला. हात पेरूनं चिकट झाले होते म्हणून तिनं तो माझ्याकडे दिला. स्क्रीनवर डॉक्टरसाहेब.

"नमस्कार," मी आवाज अगदी दबका केला. "हो, हो, पोचतोय. ताई ना? झोपल्यात हो. गाढ. उठवू का? नको, नको, तेच बरं."

बायको माझ्याकडे बघत राहिली. टक्क जागी, तोंडात पेरू. मी फोन ठेवला, सरकून तिच्या जवळ बसलो आणि म्हणालो, "हं. म्हाताऱ्याचं सांग पुढं."