शेठचं वावर आणि अर्धं तिकीट

धाकट्या भावाचा, मोहनचा फोन आला. "अक्का, सोमवारले ये. हक्कसोडवर सही करनी शे. जेवन घरच शे." वडील गेल्यावर पारोळ्याजवळच्या वावराला, म्हणजे शेताला, आम्हा दोघांची नावं लागली होती. त्यातलं माझं काढायचं होतं. सोडण्याआधी निदान बघावं तरी काय सोडतोय, म्हणून मी धुळ्यातल्या देवपूरहून सकाळीच निघाले.

धुळे ते पारोळा तासाभराचा रस्ता, चौपदरी. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट. निम्मं द्यायची सुरुवात कुठून तरी झाली म्हणायची.

तहसील कचेरीत जुने फेरफार बघायचे असतील तर अर्ज सकाळीच द्या आणि आधारच्या दोन झेरॉक्स न्या. साहेब जेवायला गेले की निवांत जेवतात. कागदांप्रमाणे जमीन आधी एका शेठची, मग कूळ म्हणून आजोबांची. आजोबांमागे वडील आणि यमुनाआत्या अशी दोन नावं लागली. पुढच्याच नोंदीत आत्याचं 'नाव कमी केले'. "वावरनं मले काय करनं?" असं ती जन्मभर म्हणायची. मला ते खरं वाटायचं.

रिक्षाने गावात, वावरावर गेले. शेजारच्या बांधावर एक म्हातारबाबा बसले होते. ओळख न देता मालक कोण ते विचारलं, "नाना, हाई वावर कोनं शे?"

"शेठनं."

"शेठ तर कधीच गेले."

"जाऊ दे ना. गावमा बठ्ठा शेठनं वावरच म्हनतस."

म्हणजे घराण्याचं नाव राहावं म्हणून बहिणींची काढली, आणि गावाने भावांचंही लावलेलं नाही.

मोहनच्या घरी भरीत, कळण्याची भाकरी. सही झाली की बहिणीला साडी नेसवतात. ती फॉल लावून तयार होती, रंगही माझ्या आवडीचा. जेवता जेवता मी म्हणाले, "मोहन, मी सही करणार नाही."

त्याने घास खाली ठेवला. "मंग आखाजीले कोनाकडे येशी?"

आमच्याकडे आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते, पण बोलावणं आल्यावर. माझं एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. भीती वाटली, खोटं कशाला सांगू?

साडी तिथेच राहिली. परतीचंही तिकीट अर्धंच.

आता आखाजी चार दिवसांवर आली आहे. रोज सकाळी मोबाईलवर सातबारा उघडते. माझं नाव आहे. मग मोहनचा फोन येऊन गेला का बघते. तो अजून आलेला नाही. पिशवी मात्र मी भरून ठेवली आहे.