त्रेचाळीस नंबरची जोडी

अब्बा चैत्रात गेले आणि पाचव्या दिवशी मी स्टुडिओचं शटर वर केलं. लग्नाच्या तिथी सुरू झाल्या होत्या. मूळचे आम्ही बार्शीटाकळीचे, पण अमरावतीतला तो छोटा स्टुडिओ अब्बांनी उभा केला होता आणि कॅमेरा हातात धरायलाही त्यांनीच शिकवलं होतं. लोक दारात येऊन दोन शब्द बोलायचे. मी मान हलवायचो आणि पासपोर्ट फोटो कापत राहायचो. जेवण जात होतं, झोप लागत होती. फक्त कशाचंच काही वाटत नव्हतं. जीभ पोळल्यावर दोन दिवस चव कळत नाही, तसं.

शेतीची ती वर्षं वाईट होती. पूर्वी खेड्यातल्या एकेका लग्नाला मी दोन दिवस मुक्कामी असायचो, हळदीपासून सून घरात येईपर्यंत. तशा ऑर्डरी कमी होत गेल्या आणि सामूहिक विवाह वाढले. एक मैदान, एक मांडव, एक माइक, आणि त्याखाली पन्नास-साठ लग्नं. ज्या घरात मी थोरल्या मुलीच्या थाटाच्या लग्नाचे फोटो काढले होते, त्याच घरातली धाकटी मला अशा मांडवात दिसायची. आईबाप नजर चुकवायचे. मीही ओळख दाखवायचो नाही.

त्या वैशाखात शहराबाहेरच्या एका मैदानावर चोपन्न जोडप्यांचं लग्न होतं. संयोजकांपैकी एक कार्यकर्ता सकाळीच माझ्याकडे आला. चार रोल हातात देत म्हणाला, “तीन रोल जोड्यांचे. एकेका जोडीचे दोनच फोटो, एक हार घालताना आन एक घरच्यांसोबत. चौथा रोल पाहुण्यांचा. त्याच्यावर एकही फोटो जास्त नाई.”

प्रत्येक नवरा-नवरीच्या छातीवर नंबरचा बिल्ला होता. मी नावं विचारली नाहीत. नंबर वाचायचा, दोन पावलं मागे जायचं, बटण दाबायचं, अंगठ्यानं दांडी सरकवून रोल पुढे घ्यायचा आणि पुढच्या नंबराकडे जायचं. ऊन इतकं होतं की कॅमेऱ्याची पाठ गालाला चटके देत होती.

त्रेचाळीस नंबरच्या पाटाजवळ नवरी एकटीच उभी होती. नवरा परतवाड्याकडच्या गावचा. त्याच्या वऱ्हाडाची जीप रस्त्यात बंद पडल्याचा निरोप कोणीतरी आणला होता. मुलीची मामी कार्यकर्त्याच्या मागे मागे फिरत होती.

“भाऊ, अर्धा घंटा थांबा न. पोरगा येऊनच राह्यला.”

“मामी, त्रेपन्न जोड्या उन्हात उभ्या हायेत,” तो म्हणाला. “एकासाठी सगळ्याईले थांबवू काय?”

माइकवर मंगलाष्टकं सुरू झाली. ती मला पाठ आहेत. आमच्या घरात ती कोण म्हणणार, पण वीस वर्षं मांडवात काढल्यावर कानात बसतातच. ओळीत सगळीकडे अंतरपाट धरले गेले. त्रेचाळीस नंबरलाही दोन बायकांनी अंतरपाट धरला. पलीकडे कोणी नव्हतं. मुलगी दोन्ही हातांत हार धरून अंतरपाटासमोर उभी राहिली. ‘सावधान’ झालं की सगळ्यांसोबत तिच्याही डोक्यावर अक्षता पडत होत्या.

मी तिच्याकडे पाहिलं. मनात एवढंच आलं की जोडी पूर्ण नाही, म्हणजे फोटो नाही. हार घालायला सुरुवात झाल्यावर मी ओळीनं फोटो घेत आलो आणि बेचाळीसनंतर सरळ चव्वेचाळीसकडे गेलो.

लग्नं लागल्यावर भाषणं आणि सत्कार सुरू झाले. पाहुणे इतके होते की दुसऱ्या कॅमेऱ्यातला त्यांचा रोल सत्कार निम्म्यावर असतानाच संपला. मी कार्यकर्त्याला तसं सांगितलं.

“त्रेचाळीसचे दोन वाचले असन न तुमच्यापाशी?” तो म्हणाला.

“हो.”

“मंग ते मारा स्टेजवर.”

मी मारले. एक शालीचा, एक नारळाचा.

त्यानंतर नवरा आला. अंगभर धूळ, बाशिंग एका बाजूला कललेलं, सोबत सात-आठ माणसं. मांडव रिकामा होत आला होता, लोक जेवणाच्या रांगेत लागले होते. एका भटजीबुवांनी घाईघाईत दोन मंगलाष्टकं म्हटली. माइक भाषणात गुंतलेला होता, त्यामुळे ती जवळच्यांनाच ऐकू आली. मामीनं सतरंजीवर पडलेल्या अक्षता वेचून पुन्हा टाकल्या. दोघांनी एकमेकांना हार घातले. मग मामीनं मला हाक मारली.

“ओ फोटोवाले भाऊ! आमच्या पोरीचा फोटो राह्यला न!”

दोन्ही कॅमेऱ्यांत आता रोल नव्हता. तसं सांगता आलं असतं. स्कूटर काढून बाजारातून रोल आणता आला असता. जाऊन-येऊन अर्धा तास. मी यातलं काहीच केलं नाही. कॅमेरा डोळ्याला लावला, “इकडे बघा” म्हणालो आणि फ्लॅशच्या पाठीवरचं लहान बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. घरच्यांना जवळ उभं केलं आणि पुन्हा दाबलं.

“झालं बाप्पा एकदाचं,” मामी म्हणाली.

लहान पोरं मागे लागली की आमच्या धंद्यात सगळेच नुसता फ्लॅश मारतात. नवरा-नवरीवर मात्र मारत नाहीत. अब्बांनी तर पोरांवरही कधी मारला नव्हता. त्या दिवशी मी पोटभर जेवलो आणि घरी येऊन झोपलो.

पोळा झाल्यावर एका दुपारी ते दोघं स्टुडिओत आले. मी ओळखलं नाही. तिनं बिल्ला काढून काउंटरवर ठेवला, तेव्हा कळलं.

“सगळ्याईचे फोटो भेटले, आमचा नाई भेटला,” ती म्हणाली. “लगन लावणाऱ्याईले इचारलं तं त्याईनं तुमच्याकडे पाठवलं.”

“रोल धुताना बिघडला,” मी म्हणालो. हे उत्तर माझ्याजवळ तयार होतं.

“रोल नोताच.”

मी कात्री उचलून पासपोर्ट फोटो कापायला घेतले.

“बाकीच्याईचा फोटो काढला का तुमी दरवेळी आंगठ्यानं ते दांडी सरकवत होते. मी घंटाभर उभी होती तिथं. दुसरं काय करू, तुमच्याकडंच पायत होती. आमच्या वेळी दांडी सरकवली नाई तुमी.”

नवरा बाकावर बसला होता. “जाऊ दे न आता,” तो हळूच म्हणाला.

“कावून जाऊ दे?” तिनं पिशवीतून घडी घातलेला शालू काढला. “आता काढा, भाऊ. इथंच.”

ती आतल्या खोलीत शालू नेसायला गेली. मी समोरच्या फुलवाल्याकडून दोन हार आणले. परत आलो तर ती तयार होऊन कॅमेऱ्यापाशी उभी होती.

“रोल टाकताना दाखवा.”

मी तिच्यासमोर नवा रोल फोडला. पट्टीची भोकं दात्यांत बसताना ती वाकून पाहत होती. झाकण लावल्यावरच ती पडद्यापुढे गेली.

“पुन्हा लगन लावून राह्यली काय आपलं?” नवरा हार हातात घेत म्हणाला.

“एकदा तं लागू दे नीट.”

दोघंही हसली आणि मी बटण दाबलं. तसे सहा फोटो काढले. प्रत्येक वेळी दांडी सरकवताना ती माझ्या अंगठ्याकडे पाहायची, त्यामुळे तीन फोटोंत तिची नजर जरा खाली आली आहे. तिथं मला लाज वाटायला हवी होती, निदान बरं तरी वाटायला हवं होतं. मी फोकस बरोबर आहे का, तेवढं पाहिलं.

पंधरा दिवसांनी फोटो न्यायला ती एकटीच आली. नवरा कामासाठी सुरतला गेला होता. तिनं सहाही फोटो काउंटरवर मांडले, बराच वेळ पाहिले आणि एक वेगळा काढला.

“हा त्याईले पाठवतो.”

मी म्हणालो, “ताई, त्या दिवशी माझं चुकलं.”

“चुकलंच,” ती म्हणाली. “पण केलं कावून तसं?”

“माहीत नाही. त्याच्या महिनाभर आधी माझे वडील गेले होते. तेव्हा काही समजतच नव्हतं.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “मंग सांगाचं न तसं,” ती म्हणाली. “मी काय भांडली असती?”

इतक्या महिन्यांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. मीही कोणाला सांगितलं नव्हतं. मी पाच फोटो एका पाकिटात आणि एक दुसऱ्यात घालून तिला दिले. एकही वाकू नये म्हणून आत पुठ्ठा सरकवला. तिनं ती पाकिटं रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि परतवाड्याची गाडी आता कुठून लागते, असं विचारलं. मी बाहेर येऊन तिला रस्ता दाखवला.