चहा झाला की सही

"ए सभासद बाई, साखर बेतानं टाक. मागल्या बारीला पाक केलतीस."

शाळा समितीच्या बैठकीतून अध्यक्षांनी हाक दिली. सगळे हसले. हेडमास्तरही. ती सभासद बाई म्हणजे माझी आई.

सीमाभागातल्या वडगावात मागावर साड्या विणते. समितीत बायका असाव्याच लागतात, म्हणून घेतलेली. पहिल्या बैठकीला ती ठेवणीतली साडी नेसून गेली. तिला स्टोव्ह दाखवला. तीन वर्षं तेच. खुर्च्यांवर बाप्ये बोलणार, ही व्हरांड्यात चहा करणार. कपबशा विसळून झाल्या की हाक: ये गं, सही कर. शाळा मराठी, पण ठरावाचं पुस्तक कन्नडमध्ये. आईला कन्नड बोलता येतं, बाजारापुरतं. वाचता येत नाही. सही करायची आणि घरी येऊन सांगायची, बैठक चांगली झाली.

मीही मान डोलवायचे. गावभर हक्कांची पत्रकं वाटणारी मी. आईनं कशावर सही केली, हे कधी विचारलं नाही.

त्या दिवशी माणसं जास्त होती, म्हणून कप न्यायला आईनं मला बोलावलं. पुस्तक टेबलावर उघडं होतं. मी शाळेत कन्नड शिकलेय. वाचलं. पालकांच्या संमतीनं मराठी सातवीचा वर्ग बंद, मुलं हायवेपलीकडच्या शाळेत. माझी धाकटी बहीण सहावीत आहे. आमच्या बोळातली एकही पोरगी हायवे ओलांडून शाळेला जाणार नाही. घरात मागाच्या कांड्यांवर सूत भरत बसेल, मग लग्न.

मी विचारलं, हे कुठल्या पालकांना विचारलंत?

अध्यक्ष सीमाप्रश्नाच्या मोर्चात सगळ्यात पुढं असतात. मराठीसाठी जीव देईन म्हणतात. त्यांची पोरं इंग्लिश मीडियमला, व्हॅननं. ते म्हणाले, "कप ठेव आणि जा. मागावरच्या पोरीस्नी सातवी कशाला पायजे?"

आई दारात होती. तिनं किटली खाली ठेवली.

"वाच गं," ती म्हणाली. "मोठ्यानं. सगळंच वाच."

मी वाचलं. कन्नड ओळ, मग मराठीत. मागची पानंही. गणिताच्या बाई बदलून गेल्या, पालकांची हरकत नाही. खाली आईची सही. मुलींचा संडास दुरुस्त झाला, पालक समाधानी. सही. त्या संडासाला अजून दार नाही.

"सही तिचीच हाय की," अध्यक्ष म्हणाले.

तिचीच होती. आईनं पेन घेतलं आणि त्या दिवशीच्या ठरावाखाली मराठीत लिहिलं, मला मान्य नाही. चौथी शिकलेली बाई. जोडाक्षराला वेळ लागला. तेवढा वेळ कुणी हसलं नाही.

वर्ग अजून वाचलेला नाही. कागद वरच्या ऑफिसात पडलाय. बैठकीत गोंधळ घातला म्हणून आमच्यावर तक्रार झालीय. घातला. परत घालू. आसपासच्या प्रत्येक शाळेची ठरावाची पुस्तकं मी माहिती अधिकारात मागवणार. जिची सही असेल तिच्या दारात बसून तिला वाचून दाखवणार. अध्यक्षसाहेब, त्याच पानांवर तुमचंही नाव आहे. ते मी चौकात वाचणार.