भिंतीवरचा हात

चौसाळ्यात जावेदभाईंचं घराला लागूनच पंक्चरचं दुकान आहे. त्यांची बायको फरीदा घरी शिवणकाम करते. बोलायला मोकळी बाई, पण एसटीनं लांब जायचं म्हटलं की ती काहीतरी सबब काढायची. धाकट्या मेहेकच्या बाळंतपणापासून तिला लघवी धरवत नसे. नवऱ्यालाही तिनं हे सांगितलं नव्हतं. कुठं लग्नकार्य निघालं की अंग मोडून आलंय म्हणायची आणि घरीच राहायची.

मग अंबाजोगाईला दिलेली थोरली हीना बाळंत होण्यासाठी दवाखान्यात भरती झाली. आता जाणं भागच होतं. निघायच्या दिवशी फरीदानं चहा घेतला नाही की पाण्याचा घोट घेतला नाही. तरी मांजरसुंब्याला गाडी बदलल्यावर तिला राहवेना. गाडीभर पुरुष. कंडक्टरला सांगायला तिचं तोंड उघडेना.

वाटेतल्या एका स्टँडवर गाडी थांबली, तशी ती पिशवी सीटवर ठेवून गुपचूप उतरली. बायकांच्या मुतारीला कुलूप होतं. किल्ली कुणाकडं असते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी ती मागच्या पडक्या भिंतीआड, वेड्या बाभळींत गेली.

उठताना तिची नजर वर गेली. भिंतीवर एक हात होता आणि हातात मोबाईल. त्यामागून एका तरण्या माणसाचं तोंड वर आलं. तो तिच्याकडं बघून हसला आणि पलीकडं उतरून गेला.

फरीदानं घाईघाईनं कपडे सावरले. तेवढ्यात हॉर्न वाजला. ती धावत पुढं आली तोवर गाडी गेटाबाहेर पडली होती. बाळाची टोपरी-लंगोटं असलेली पिशवीही तिच्यातच गेली. नकाब ओढून ती बाकावर बसली. समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात मोबाईल होता. यातला तो कोणता, की गेला निघून?

पुढच्या गाडीनं ती अंबाजोगाईला पोचली. हीनाला मुलगी झाली होती. नातीला मांडीवर घेतलं तरी फरीदाच्या डोळ्यांपुढून तो हात हलेना.

घरी आल्यावर तर भीती वाढली. जेवताना जावेदभाई मोबाईल बघून हसले की ती हातातला घास परत ताटात ठेवायची. दुकानातली माणसं एकत्र वाकून काही बघू लागली की ती दाराआड जायची. चिल्ल्यासाठी, म्हणजे बाळंतपणाचे चाळीस दिवस काढायला, हीना माहेरी आली, तेव्हा एका दुपारी फरीदानं तिला सगळं सांगितलं.

हीना म्हणाली, "अम्मी, शरम त्याला वाटायला पायजे. तुला कावून? आन् धरवत न्हाई हे दवाखान्यात कावून न्हाई सांगितलं?"

बाळाला दाखवायला दवाखान्यात जाताना हीनाच तिला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. त्यांनी व्यायाम शिकवले. त्रास हळूहळू कमी झाला. हीनाकडून जावेदभाईंना कळल्यावर ते त्या स्टँडवर जाऊन विचारून आले, पण तो माणूस कोण, ते कळलं नाही. त्यानं काही टिपलं होतं की नाही, तेही नाही.

फरीदा आता नातीला बघायला एकटी जाते. चढताच कंडक्टरला सांगते, "भाऊ, मला मधी उतरावं लागतंय. सोडून जाऊ नका." हे बोलताना तिचा आवाज अजून कापतो. उतरली की आधी ती सगळ्या भिंतींवरून नजर फिरवते.